संघटनेची कसोटी

व्यावसायिकांची संघटना म्हटली की शुल्काचे व हक्कांचे रक्षण एवढेच सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे येते. सर चार्ल्स हेस्टिंग्ज यांचे चरित्र या समजुतीला छेद देते.

१७९४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले हेस्टिंग्ज १८१८ मध्ये एडिंबरोचे एम. डी. झाले आणि वूस्टरच्या रुग्णालयात काम करू लागले. वैद्यकाची सूत्रे तेव्हा लंडनमधील मूठभर संस्थांच्या हाती होती. आडगावचा डॉक्टर एकाकी असे. त्याचा अनुभव त्याच्याबरोबरच लोप पावे. ही उणीव हेरून हेस्टिंग्ज यांनी १९ जुलै १८३२ रोजी सुमारे ५० डॉक्टरांना त्याच रुग्णालयात एकत्र आणून प्रांतिक डॉक्टरांची संघटना स्थापन केली. निरनिराळ्या शहरांत वार्षिक सभा भरू लागल्या, सभासदांची निरीक्षणे छापली जाऊ लागली. १८३६ मध्ये विपन्न डॉक्टर व त्यांच्या कुटुंबीयांसाठी साहाय्यनिधीही उभा राहिला. हीच संघटना पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन झाली.

वैद्यकीय नोंदणीसाठी संघटनेने केलेल्या प्रदीर्घ खटपटीला १८५८ च्या कायद्याने यश आले. भोंदूंचा धंदा त्याने बंद झाला नाही. परंतु पात्र डॉक्टर कोण, हे रुग्णाला नोंदवहीवरून कळू लागले.

नोंदणीने डॉक्टरांची मक्तेदारी बळावली, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. म्हणूनच सभासदांना मिळणाऱ्या आधारातून समाजाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न प्रत्येक संघटनेला विचारला पाहिजे. १८६६ मध्ये निवर्तलेल्या हेस्टिंग्ज यांनी त्याचे उत्तर आपल्या कार्याने देऊन ठेवले आहे.