आनंदीबाईंनी कॉलेज कसं निवडलं?

मैत्रिणींनो, बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला की आमच्या डहाणूत घराघरांतून एकच विषय असतो. कॉलेजांची यादी! कुठलं कॉलेज पहिलं टाकायचं, कुठलं दुसरं, मुंबई बरी की धुळे, सरकारी मिळेल की नाही. नातेवाईक फोनवर सल्ले देतात, शेजारच्या काकू त्यांच्या भाच्याचा अनुभव सांगतात आणि जिला शिकायचं आहे ती मुलगी कोपऱ्यात गप्प बसून असते.

मी तलासरीच्या पाड्यांवर बायकांच्या आरोग्याच्या कामासाठी जाते. तिथल्या एका मुलीचे पसंतीक्रम भरायला मागच्या वर्षी मी बसले होते. आई चिकूच्या वाडीत मजुरीला जाणारी. तिने शांतपणे सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, तिथे माझी पोर राहील कुठे आणि खाईल काय? आम्ही शिकलेल्या बायका कॉलेजच्या नावावरून वाद घालत होतो आणि तिने नेमका मुद्दा धरला होता. घरी येताना मला आठवल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी ह्याच प्रश्नाला त्या सामोऱ्या गेल्या होत्या.

आनंदीबाई पहिल्या महिला डॉक्टर, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण त्यांनी कॉलेज निवडलं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. खरं तर त्यांच्या आयुष्यातली सगळी जिद्द आणि सगळं दुःखही त्या निवडीत आहे.

त्यांचं माहेर कल्याणचं. म्हणजे २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण आणि कल्याणकर एकाच ठाणे जिल्ह्यातले. त्या अर्थाने आनंदीबाई आपल्याच! ३१ मार्च १८६५ चा त्यांचा जन्म, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, बिजवर आणि वयाने बराच मोठा. बायकोने शिकलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्या काळात बायको शिकते म्हणून मारणारे नवरे होते, हे गृहस्थ बायको अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून हात उगारायचे. हट्ट चांगल्या गोष्टीचा असला तरी मार तो मारच. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी ह्या माराची आठवण नवऱ्याला स्पष्ट शब्दांत करून दिली होती.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं, हा सल त्यांच्या मनात कायमचा राहिला. पुरुष डॉक्टरसमोर बाई आपलं दुखणं सांगायची नाही आणि बाई डॉक्टर तर कुठे नव्हतीच. आपणच डॉक्टर व्हायचं, हे त्यांचं तिथेच ठरलं.

पण व्हायचं कुठे?

हिंदुस्थानात तेव्हा बाईला डॉक्टरी शिकायची सोय होती ती मद्रासला. तिथल्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून बायकांना घेऊ लागले होते. बाकी ठिकाणी सुईणपणाचे वर्ग होते. आनंदीबाईंनी ह्याचा नीट विचार केला होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भर सभेत इंग्रजीतून भाषण केलं. आपण परदेशी का जातो, इथेच का शिकत नाही, एकटी कशी जाणार, धर्म सोडणार का, परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं तर काय, ह्या लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. इथे जे शिकायला मिळतं ते अपुरं आहे आणि शिकवणारे जुन्या विचारांचे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. जाईन ती हिंदू म्हणून आणि परत येईन तीही हिंदू म्हणून, हेही त्यांनी निक्षून सांगितलं. वय किती? अजून अठरा पुरी व्हायची होती!

अमेरिकाच का, ह्याचीही गोष्ट आहे. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. धर्म बदलायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून मदत काही मिळाली नाही. मात्र तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर ह्या बाईंनी १८८० साली तो वाचला, तोही दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असताना. त्यांनी आपणहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं. दोघींची पत्रं सुरू झाली आणि न बघितलेल्या ह्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. म्हणजे बघा, कॉलेज ठरायच्या आधी त्यांना परक्या मुलखात एक मावशी मिळाली होती. आपल्याकडेही मुलीला शिकायला पाठवताना तिथे ओळखीचं कोण आहे, हे आधी बघतातच ना!

कॉलेजचं नाव मग एका ओळखीच्या डॉक्टर दांपत्याने सुचवलं. फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. खास बायकांना डॉक्टर करण्यासाठी १८५० साली निघालेलं, जगातल्या अशा अगदी पहिल्या कॉलेजांपैकी एक. बायकांनीच बायकांबरोबर शिकायचं, त्यामुळे त्या काळच्या घरंदाज मराठी मुलीच्या मार्गातली एक मोठी अडचण आपोआप दूर झाली. शिवाय मिळणार होती ती डॉक्टरची पूर्ण पदवी, सुईणपणाचा दाखला नव्हे. इथलीच पदवी घेऊन क्लारा स्वेन ह्या मिशनरी डॉक्टरबाई १८७० साली आपल्याकडे बरेलीला आल्या होत्या. म्हणजे हिंदुस्थान त्या कॉलेजाला अगदीच अनोळखी नव्हता.

दागिने विकून तिकिटाचे पैसे उभे केले आणि ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबत मिशनरी बायका होत्या, नवरा नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. मावशी घ्यायला आल्या होत्या. पुढचे काही महिने त्यांनी रोझेलला मावशींच्या घरीच काढले आणि तिथूनच कॉलेजाला अर्ज केला.

तो अर्ज आजच्या प्रत्येक मुलीने समजून घ्यावा असा आहे. आपलं शिक्षण अमुक इतकंच झालंय आणि प्रवेशाला लागणाऱ्या काही विषयांत आपण कमी पडतो, हे त्यांनी लपवलं नाही. पैशाची अडचण लपवली नाही. आपण कोण, कुठल्या धर्माच्या, हेही सरळ सांगितलं. आणि कशासाठी शिकायचं आहे ते सर्वांत स्पष्ट लिहिलं. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे, असा त्यातला भाव. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली, स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची मदत मिळाली आणि १८८३ च्या ऑक्टोबरात आनंदीबाई कॉलेजात जाऊ लागल्या.

इथपर्यंत सगळं कसं छान जुळून आलं! पदवी खरी, शिकवणाऱ्या चांगल्या, पैशाची सोय झालेली, मावशी रेल्वेच्या अंतरावर. आपल्या डहाणूहून मुंबई जेवढी लांब, साधारण तेवढंच रोझेल ते फिलाडेल्फिया.

राहून गेली ती राहायची आणि खायची गोष्ट.

आनंदीबाईंची तब्येत मुळात नाजूक होती. कलकत्त्याला असतानाच डोकं दुखायचं, ताप यायचा, अशक्तपणा असायचा. मावशींनी तर अमेरिकेहून औषधंसुद्धा पाठवली होती. अशा मुलीला फिलाडेल्फियाच्या बर्फाळ थंडीत जी खोली मिळाली, तिथली शेगडी धड चालत नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवली तर थंडी. अंगावर नऊवारी लुगडं. शाकाहारी, त्यामुळे खाण्याचे हाल, स्वतःचं स्वतः रांधायचं आणि वर रात्रंदिवस अभ्यास. घटसर्पाने त्या मरता मरता वाचल्या. पुढे खोकला आणि ताप पाठ सोडेना. तो क्षय होता.

तरीही त्यांनी शिक्षण सोडलं नाही. प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र ह्या विषयावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोहोचले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांना देऊ केली गेली. जिथे एकेकाळी शिकते म्हणून लोक त्यांना हसले होते, त्याच कोल्हापुरात त्या आता डॉक्टरीणबाई म्हणून जाणार होत्या.

पण त्या कोल्हापूरला पोहोचल्याच नाहीत. १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी मावशींकडे अमेरिकेला पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी इथे मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

मग त्यांची निवड चुकली का? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. त्या बोटीत बसल्या त्याच १८८३ साली कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या मेडिकल कॉलेजांची दारं बायकांना उघडली. थोडं थांबल्या असत्या तर? पण उद्या दार उघडणार आहे, हे कुणाला आधी कळतं? समोर जेवढं होतं त्यातलं सर्वांत चांगलं त्यांनी निवडलं. निवड चुकली नाही, सांभाळ कमी पडला. सगळ्यांनी त्यांच्या बुद्धीची काळजी केली, शरीराची काळजी पुरेशी कुणी केली नाही. आणि शिकायचं म्हटल्यावर स्वतःकडे बघायचं नसतं, असं त्यांनीही धरून चाललं. आपल्या मुली आजही हेच करत नाहीत का?

त्यांच्या मागोमाग गेलेल्या रखमाबाईंचं बघा. त्या लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि आपल्याच रेल्वेलाइनवर, सुरतेत येऊन त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. १९५५ साली, नव्वदी गाठून त्या गेल्या. एक बाई डॉक्टर जगली की किती घरांना आधार होतो, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

म्हणून सांगते मैत्रिणींनो, मुलीचा पसंतीक्रम भरताना कॉलेजला मान्यता आहे का, पदवी कुठली मिळते, फी किती, हे बघाच. पण तिथेच थांबू नका. जमल्यास एकदा जाऊन हॉस्टेलची खोली बघा. भिंतीला ओल आहे का, पाणी कसं आहे, मेसचं जेवण कसं, मुलगी आजारी पडली तर रात्री कुणाला हाक मारायची, हे विचारा. फीशिवाय दर महिन्याला किती लागतील, ते कागदावर मांडा. आदिवासी मुलींना शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या योजना असतात, त्यांची चौकशी डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात आधीच करून ठेवा, अगदी शेवटच्या दिवशी नको. आणि मुलीला एवढं नक्की सांगा, की ताप आला, खोकला राहिला, तर परीक्षेनंतर बघू असं म्हणायचं नाही. एक वर्ष गेलं तर गेलं.

तलासरीच्या पाड्यांवर आजही एखादी बाई आपलं दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढते. डॉक्टर पुरुष आहे, सांगू कसं, म्हणून. आनंदीबाईंनी अर्जात लिहिलेलं कारण अजून संपलेलं नाही. आपल्या बोलीत बोलणारी, आपल्या पाड्यावरची डॉक्टर पोरगी ह्या बायकांना हवी आहे, आणि ती शिकून धडधाकट परत यायला हवी आहे.

त्या मुलीची यादी आम्ही शेवटी पुन्हा केली. ह्या वेळी तिच्या आईला मध्ये बसवून. तिने विचारलेला प्रश्न आम्ही सर्वांत वर लिहिला आणि मग खाली कॉलेजांची नावं.