विषाची पकड शोधणारे शास्त्रज्ञ : पॉल एर्लिख



घटसर्प हे नाव आजच्या मुलांना फारसे माहीत नाही. हिंदीत याच रोगाला गलघोंटू म्हणतात, आणि त्या नावातच रोगाचे रूप आहे. घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो आणि मूल दगावते. एकोणिसाव्या शतकात युरोपात या रोगाने असंख्य घरे ओस पडली. घटसर्पाचे जंतू एक प्रथिन तयार करतात, तेच खरे विष. या विषाला रक्तातील प्रतिपिंडे नेमकी कुठे पकडतात, या प्रश्नाच्या मागे लागलेल्या पॉल एर्लिख यांचा परिचय आम्ही या अंकात देत आहोत.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी तेव्हाच्या प्रशियातील स्ट्रेलेन या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. विद्यार्थीदशेतच त्यांना रंगांचे वेड लागले. एखादा रंग ठराविक पेशींनाच का चिकटतो, हा विचार त्यांच्या मनातून कधी गेला नाही. १८७८ साली त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. पुढे त्यांना क्षयरोग झाला. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले, बरे होऊन परतले आणि १८९१ मध्ये बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रुजू झाले.

जंतूंच्या विषावर प्राण्यांच्या रक्तद्रवातून उतारा मिळतो, हे बेरिंग व कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवले होते. पण हा रक्तद्रव कधी जोरदार निघे, तर कधी अगदी कमजोर. कमजोर औषध मिळालेले मूल वाचणार कसे? १८९७ मध्ये एर्लिख यांनी त्याचे अचूक माप ठरवून दिले. विष व उतारा वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचे आणि ते मिश्रण सुमारे २५० ग्रॅम वजनाच्या गिनीपिगला टोचून परिणाम पाहायचा, अशी त्यांची रीत होती.

या मोजमापातच एक नवल दिसले. साठवून जुने झालेले विष मारक राहिले नव्हते, तरी ते उताऱ्याला पूर्वीसारखेच धरत होते. एर्लिख यांनी अनुमान काढले की विषाच्या कणात पकडीची जागा वेगळी आणि मारणारा भाग वेगळा आहे. अशा निकामी विषाला त्यांनी टॉक्सॉइड हे नाव दिले.

१९०८ साली त्यांना मेचनिकॉफ यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९२३ मध्ये फ्रान्सच्या रामाँ यांनी फॉर्मॅलिन व उष्णता वापरून घटसर्पाचे विष निकामी केले, पण त्याची पकडीची जागा शाबूत ठेवली. तीच घटसर्पाची लस झाली. प्रतिपिंडे शरीरात कशी तयार होतात याविषयीचे एर्लिख यांचे चित्र पुढे बदलावे लागले. एकाच विषावर प्रतिपिंडे अनेक ठिकाणी बसू शकतात, हेही कळले. पण पकड आणि मारा वेगळे, हा त्यांचा मूळ विचार टिकला.

पालकहो, आपल्या देशात आजही घटसर्पाचे रुग्ण आढळतात. लहानपणच्या लसीचा जोर हळूहळू ओसरतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या वयात, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा लस द्यावी लागते. घरी मुलांचे लसीकरण कार्ड काढून एकदा अवश्य पाहावे, ही आमची विनंती. आणि विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगात अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले, तर ते खोडून टाकू नका, वहीत नोंदवा. एर्लिख यांनी जुने विष फेकून दिले असते, तर ही लस हाती यायला किती उशीर झाला असता, याचा विचार करा.