अर्ध्या टक्क्याचा हिशोब

सिव्हिलवाल्यांना तो भूकंपाच्या रॅले वेव्हजमध्ये भेटतो. मेकॅनिकलवाल्यांना व्हायब्रेशन्सच्या पेपरात, केमिकलवाल्यांना डिस्टिलेशनमध्ये. आम्हा ईएनटीसीवाल्यांना तर दोनदा भेटतो, मोबाइलच्या फेडिंगमध्ये एकदा आणि ऑप्टिकल फायबरमध्ये एकदा. सगळ्या ब्रँचेसच्या सिलॅबसमध्ये घुसलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. गंमत म्हणजे रॅले हे त्याचं आडनावसुद्धा नाही. तो घराण्याचा किताब आहे. माणसाचं नाव जॉन विल्यम स्ट्रट.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ चा, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातला. घर मोठ्या जमीनदारांचं. टर्लिंग गावी वाडा, भोवती हजारो एकर शेती. अशा घरातल्या थोरल्या मुलाने शिकार करावी, पार्लमेंटमध्ये बसावं, कुळांकडून खंड गोळा करावा, अशी तिथली रीत. याची प्रकृती मात्र लहानपणापासून नाजूक. ईटन आणि हॅरो या दोन्ही नामांकित शाळांमध्ये तो थोडेथोडे दिवसच टिकला, बाकीचं शिक्षण खासगी शिक्षकांकडे झालं. पण १८६१ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्यावर गाडी रुळावर आली. राउथ नावाचे गणिताचे जबरदस्त गुरू मिळाले (आजच्या भाषेत क्लासवाले सर म्हणायला हरकत नाही) आणि १८६५ मध्ये स्ट्रट गणितात विद्यापीठात पहिले आले.

१८७१ हे वर्ष दोन कारणांसाठी महत्त्वाचं. एक म्हणजे त्यांचं लग्न झालं, एव्हलिन बाल्फोर यांच्याशी. एव्हलिनचे भाऊ आर्थर पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. दुसरं म्हणजे याच वर्षी त्यांनी आकाश निळं का दिसतं याचा हिशोब मांडला. प्रकाश लाटेच्या लांबीपेक्षा खूप लहान कणांवर आदळला की तो सगळीकडे विखुरतो, आणि किती विखुरतो ते लाटेच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. (पुस्तकात याला विकिरण म्हणतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे मला विखुरणं हाच शब्द जवळचा वाटतो.) तांबड्याची लांबी ७०० नॅनोमीटर आणि निळ्याची ४५० धरली, तर निळा जवळजवळ सहापट जास्त विखुरतो. बस्स, म्हणून आकाश निळं. याच चौथ्या घातामुळे फायबरमध्ये ८५० नॅनोमीटरऐवजी १५५० चा प्रकाश सोडला, तर विखुरण्यातला तोटा अकरापट कमी होतो. म्हणजे आपलं इंटरनेट समुद्राखालून येतं त्यात त्या निळ्या आकाशाचा वाटा आहेच.

लग्नानंतर लगेच, १८७२ मध्ये, संधिवाताच्या तापाने ते जवळजवळ गेलेच होते. हवापालट म्हणून इजिप्तला नेलं. नाईल नदीवर बोटीत राहून आजारातून उठलेला हा माणूस काय करत बसला, तर ध्वनीशास्त्रावरचं पुस्तक लिहायला घेतलं! ‘थिअरी ऑफ साउंड’चे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये बाहेर आले, आणि आजही ते छापले जातात. मध्येच १८७३ साली वडील वारले आणि स्ट्रट तिसरे लॉर्ड रॅले झाले. शेतीचा कारभार त्यांनी थोड्याच वर्षांत धाकट्या भावाकडे सोपवला. पुढे रॅलेंच्या डेअरीचं दूध लंडनमध्ये विकलं जात असे, पण स्वतः लॉर्डसाहेब वाड्यातल्या लॅबमध्ये. लॅब तरी कसली, बरीचशी उपकरणं घरगुती, दोऱ्या-लाखेने जोडलेली.

मॅक्सवेल वारल्यावर १८७९ ते १८८४ ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबचे प्रमुख होते. तिथे त्यांनी ओहम, अँपिअर, व्होल्ट यांची मापं नव्याने काटेकोर ठरवली, आणि त्यात त्यांच्या बरोबरीने मापं घ्यायला होत्या त्यांच्या मेहुणी एलेनोर सिजविक. लॅबचे वर्ग मुलींना मुलांच्या बरोबरीने खुले झाले तेही याच काळात. मुदत संपल्यावर ते सरळ टर्लिंगला परत गेले.

तिथे १८८७ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला, ज्याची खरी किंमत कळायला शंभर वर्षं लागली. सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने. नागपंचमीचा झोका आठवा. झोक्यावर उभी राहून मुलगी एका पूर्ण हेलकाव्यात दोनदा खाली वाकते आणि दोनदा वर उठते, आणि झोका चढत जातो. म्हणजे दुप्पट वेगाने दिलेला जोर झोक्याला पोसतो. रॅलेंनी हेच गणित काळाऐवजी अंतरावर लावलं. समजा एखाद्या पदार्थात दोन प्रकारचे थर आलटून पालटून, अगदी ठरावीक अंतराने रचले आहेत. लाट आत शिरली की प्रत्येक थराच्या सीमेवर ती थोडीशी परत फिरते. एरवी हे परतलेले तुकडे एकमेकांशी भांडतात आणि जिरून जातात. पण थरांची जोडी जर बरोबर अर्ध्या लाटेच्या मापाची असेल, तर सगळे तुकडे एका तालात परत येतात. सीमेवरचं परावर्तन कितीही किरकोळ असू द्या, थर पुरेसे असले की लाट पुढे जाऊच शकत नाही. सगळीच्या सगळी माघारी! लांबीत थोडा फरक केला की तीच लाट आरामात पार होते.

आज आपण ज्याला फोटोनिक क्रिस्टल म्हणतो त्याचं हे एका दिशेतलं रूप. १९८७ मध्ये, म्हणजे नेमक्या शंभर वर्षांनी, याब्लोनोविच आणि साजीव जॉन यांनी वेगवेगळे निबंध लिहून हीच कल्पना तिन्ही दिशांना नेली. सेमीकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनला जसा बँडगॅप असतो, तसा प्रकाशाला. पण रॅलेंचा निबंध निघाला तेव्हा बँडगॅप सोडाच, इलेक्ट्रॉनचासुद्धा शोध लागलेला नव्हता.

आता अर्ध्या टक्क्याकडे येते. आपल्या प्रॅक्टिकलला पाच टक्के एरर आला तरी जर्नलवर सही मिळते. रॅले वायूंची घनता मोजत होते. नायट्रोजन त्यांनी दोन रीतींनी बनवला. एकीत हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्यावरून नेऊन काढून टाकला आणि उरला तो नायट्रोजन घेतला. दुसरीत अमोनियाची मदत घेतली. दोन्ही नायट्रोजन सारखेच असायला हवे होते, पण वजनात हजारात एक इतका फरक येत होता. कुणीही सरासरी काढून मोकळा झाला असता.

रॅलेंनी उलट केलं. दुसऱ्या रीतीतही बहुतेक नायट्रोजन हवेतूनच येत होता, म्हणून त्यांनी हवेच्या जागी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातूनच येईल. फरक लपवायचा नाही, तो वाढवून बघायचा! आणि तो वाढला. एकाच काचेच्या गोळ्यात हवेतला नायट्रोजन भरला तर २.३१० ग्रॅम, रासायनिक भरला तर २.२९९. अकरा मिलिग्रॅम, साधारण अर्धा टक्का. वायू आठ महिने तसाच ठेवून पाहिला, आकडा हलला नाही. १८९२ मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना जाहीरपणे विचारलं की हे काय असेल. एवढ्या मोठ्या माणसाने मला कळत नाही असं छापून विचारणं, हे मला त्या शोधाइतकंच आवडतं.

मग विल्यम रॅम्झे पुढे आले. दोघांनी हवेतला नायट्रोजन आपापल्या पद्धतीने खाऊन टाकला आणि मागे एक वायू उरला, जो कशाशीच संयोग पावेना. १८९४ मध्ये घोषणा झाली. नाव ठेवलं अर्गॉन, ग्रीक भाषेत आळशी. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे. कॅव्हेंडिशने १७८५ सालीच अशा प्रयोगात न संपणारा एक छोटा बुडबुडा नोंदवून ठेवला होता, आणि पुढची शंभरावर वर्षं त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. १९०४ मध्ये रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रॅलेंनी पैसे केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकले.

दुर्लक्षित बुडबुड्यासारखा एक माणूसही रॅलेंना सापडला, आणि तो सापडला आपल्या मुंबईच्या पत्त्यावर. जॉन जेम्स वॉटर्स्टन हे मूळ एडिंबरोचे, पण १८३९ पासून मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलाच्या कॅडेटना शिकवत. वायू म्हणजे सुसाट धावणारे, एकमेकांवर आदळणारे असंख्य कण, आणि तापमान म्हणजे त्यांची गतिज ऊर्जा, हे त्यांनी गणिताने मांडलं आणि १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं. तपासणाऱ्याने ते निव्वळ मूर्खपणाचं ठरवलं. वॉटर्स्टननी स्वतःकडे प्रत ठेवलेली नव्हती आणि सोसायटीने मूळ कागद परत केले नाहीत. काही वर्षांनी मॅक्सवेल वगैरेंनी तेच सिद्धांत नव्याने शोधले. १८८३ मध्ये वॉटर्स्टन एडिंबरोजवळ एके दिवशी घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत.

रॅले पुढे सोसायटीचे सचिव झाले. वॉटर्स्टनच्या दुसऱ्या एका लेखातला उल्लेख वाचून त्यांनी दप्तरातून तो निबंध शोधून काढला आणि १८९२ मध्ये स्वतःची प्रस्तावना जोडून छापला. या नकारामुळे विषय दहा-पंधरा वर्षं मागे पडला, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं. पण त्याच प्रस्तावनेत अनोळखी तरुण लेखकांना त्यांचा सल्ला असा की धाडसी कल्पना घेऊन आधी सोसायटीकडे येऊ नका, दुसरीकडे कुठेतरी थोडं नाव मिळवा. हे मला पटत नाही. मुंबईत बसलेल्या शिक्षकाने नाव मिळवायचं कुठे? आणि रॅलेंना स्वतःला हे ठाऊक असायला हवं होतं. त्यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात एक किस्सा आहे. एकदा ब्रिटिश असोसिएशनला पाठवलेल्या त्यांच्या निबंधावर नाव घालायचं राहून गेलं, आणि समितीने तो कुणा चक्रमाचा समजून नाकारला. लेखक कोण ते कळल्यावर त्याच निबंधात गुण दिसू लागले. लॉर्ड असल्याचा फायदा वॉटर्स्टनला नव्हता.

१८९७-९८ च्या हिवाळ्यात रॅले भारतात आले होते. दार्जिलिंगजवळून सुमारे १६० किलोमीटरवरचं एव्हरेस्ट चांगलं उजळ दिसतं, ही गोष्ट त्यांनी लक्षात ठेवली आणि १८९९ च्या निबंधात वापरली. प्रश्न असा होता की आकाशात प्रकाश विखुरतं कोण, धूळ की हवेचे रेणूच? धूळ अजिबात नाही असं धरून गणित केलं, तर नुसत्या हवेतून साधारण ८० किलोमीटर गेल्यावर प्रकाश एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो. एव्हरेस्ट दिसतं ते याच्याशी बऱ्यापैकी जुळतं. म्हणजे धुळीची गरजच नाही, हवा स्वतःच निळी आहे. डोंगर किती स्पष्ट दिसतो यावरून घन सेंटिमीटरमध्ये किती रेणू आहेत याचा अंदाज बांधता येतो, ही कल्पना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली.

नंतर मानसन्मान भरपूर आले. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद, १९०८ पासून केंब्रिजचं कुलपतिपद. क्वांटम सिद्धांत त्यांना शेवटपर्यंत फारसा रुचला नाही. पण काम थांबलं नव्हतं. पंचाहत्तरीत, १९१७ साली, ते पुन्हा १८८७ च्या थरांकडे वळले आणि एकावर एक रचलेले पातळ थर प्रकाश किती परत फेकतात याचं नेमकं गणित पूर्ण केलं. त्यानंतर चकाकणाऱ्या किड्यांच्या पाठीवरचे रंग अशाच थरांमुळे येतात का, हे ते तपासत होते. ३० जून १९१९ रोजी टर्लिंगच्या घरीच ते वारले. त्यांच्या नावावर ४४६ निबंध आहेत.