वाहत्या पाण्याचे गुरुजी: फादर बेनेदेत्तो कास्तेल्ली

आपल्या धर्मग्रामांतील जी मुलेमुली अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहेत, त्यांना 'फ्लुइड मेकॅनिक्स' हा विषय नवा नाही. किंबहुना अनेकांनी त्याचा चांगलाच धसका घेतलेला आहे. द्रव आणि वायू यांच्या स्थितीचे व गतीचे हे शास्त्र. त्यातील वाहत्या द्रवाचा भाग सुरू झाला की प्राध्यापक फळ्यावर एक छोटेसे समीकरण लिहितात: प्रवाहाच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार सर्वत्र सारखाच राहतो. याला सातत्याचे समीकरण म्हणतात. ओढा साकवाखाली अरुंद होतो तेथे पाणी धावू लागते आणि पुढे पात्र पसरले की ते संथ होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु ही गोष्ट सिद्धांत म्हणून मांडून, भूमितीच्या आधारे सिद्ध करून पहिल्यांदा ग्रंथरूपाने छापली ती एका बेनेडिक्टाईन मठवासी धर्मगुरूने, हे किती जणांना ठाऊक असेल? सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना आम्हालाही ते ठाऊक नव्हते. गॅलिलिओ प्रकरण आम्ही वाचले होते. गॅलिलिओंच्या या शिष्याचे नाव मात्र ओझरतेच कानावर आले होते.

फादर कास्तेल्ली यांचा जन्म उत्तर इटलीतील ब्रेशा येथे 1578 च्या सुमारास झाला. त्यांचे मूळ नाव अंतोनियो. 1595 मध्ये ते आपल्याच गावच्या बेनेडिक्टाईन मठात दाखल झाले आणि त्यांनी बेनेदेत्तो हे नाव धारण केले. पुढे संघाने त्यांना पादुआ येथील संत जस्टिना मठात धाडले. पादुआच्या विद्यापीठात त्या काळी गॅलिलिओ गणित शिकवीत होते. मठातील हा तरुण त्यांच्याकडे शिकू लागला आणि गुरुशिष्यांचे हे नाते गॅलिलिओंच्या मृत्यूपर्यंत टिकले. कोपर्निकसचे मत खरे असेल तर शुक्राला चंद्राप्रमाणे कला दिसावयास हव्यात, अशी विचारणा कास्तेल्लींनी डिसेंबर 1610 मध्ये पत्राने केली होती. सूर्यावरील डाग पाहताना डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून दुर्बिणीतील प्रतिमा कागदावर पाडून डाग रेखाटण्याची युक्तीही त्यांचीच.

1613 मध्ये पिसा विद्यापीठात त्यांची गणिताच्या अध्यासनावर नेमणूक झाली. पदावर रुजू होतानाच विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बजावले, की पृथ्वी फिरते हे मत वर्गात शिकवावयाचे नाही. कास्तेल्लींनी ते मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात राजवाड्यातील एका भोजनानंतर ग्रँड डचेस क्रिस्तिना यांनी त्यांना परत बोलावून घेतले आणि पवित्र शास्त्राचा दाखला देत याच मतावर प्रश्न केले. कास्तेल्लींनी धर्मगुरूला शोभेल अशा रीतीने उत्तरे दिली आणि सारा वृत्तान्त गुरूंना कळविला. त्यावर गॅलिलिओंनी 21 डिसेंबर 1613 रोजी त्यांना जे पत्र लिहिले, ते पुढे फार गाजले. पवित्र शास्त्र आणि निसर्ग या दोहोंचा उगम एकाच परमेश्वरी शब्दात असल्याने त्यांच्यात खरा विरोध संभवत नाही, हा त्या पत्राचा आशय होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 10 नोव्हेंबर 1979 रोजी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे केलेल्या भाषणात या पत्राचा आदराने उल्लेख केला. तोवर साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती!

ज्या विषयामुळे कास्तेल्लींचे नाव राहिले तो आकाशाचा नव्हता, पाण्याचा होता. त्यासाठी आपल्याला थोडे मागे, रोमला जावे लागेल. 1598 च्या नाताळात तिबेर नदीला महापूर आला. शहर बुडाले, एका जुन्या पुलाच्या कमानी वाहून गेल्या. पुरानंतर जोव्हान्नी फोन्ताना या स्थापत्यकारांनी तिबेरला मिळणाऱ्या नद्यानाल्यांची मापे घेतली. रुंदी गुणिले खोली असा त्यांचा हिशेब होता. सर्वांची बेरीज त्यांनी केली तेव्हा ती शहरातील एका पुलाखालच्या जागेच्या कित्येक पट भरली. एवढे पाणी त्या पुलाखाली मावणे शक्य नव्हते. तरीही ते त्याखालूनच गेले होते. हिशेब काही केल्या जुळेना.

कास्तेल्लींनी दाखवून दिले की मापे घेण्यात चूक नव्हती. चूक होती ती छेद म्हणजेच पाणी असे मानण्यात. वाहत्या पाण्याला लांबी, रुंदी, खोली यांच्याबरोबरच वेग असतो आणि तो हिशेबात धरला नाही तर सारेच व्यर्थ. नदीची स्थिती बदलत नसेल तर तिच्या प्रत्येक छेदातून सारख्या वेळात सारखेच पाणी जाते. म्हणून छेद निम्मा झाला की वेग दुप्पट होतो. पुलाखाली पाणी मावले ते धावल्यामुळे. हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हता. शेतीला आणि कारंज्यांना पाणी वाटून देताना त्या काळी मुख्यतः मोरीच्या तोंडाचे माप पाहिले जाई, आणि तेवढ्याच तोंडातून कुणाला दुप्पट तर कुणाला निम्मे पाणी मिळे. कालव्याच्या पाण्यावरून भांडणे पाहिलेल्या आपल्या शेतकरी बांधवांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

हे ज्ञान त्यांना निव्वळ अभ्यासिकेत बसून लाभले नाही. 1625 मध्ये मोन्सिन्योर कोर्सिनी यांच्यासोबत त्यांनी बोलोन्या आणि फेरारा परिसरातील नद्या पायाखाली घातल्या. रेनो नदीचे पाणी कोणी कोठे सोडावे यावरून या दोन शहरांत दीर्घकाळ वितुष्ट होते. एकाचा बचाव म्हणजे दुसऱ्याचा पूर. पुढच्याच वर्षी पोप आठवे अर्बन यांनी त्यांना जलव्यवस्थेचे सल्लागार म्हणून रोमला बोलावले आणि सापिएन्झा विद्यापीठात गणिताचे अध्यापन सोपविले. 1628 मध्ये वाहत्या पाण्याच्या मापनावरील त्यांचे छोटेसे पुस्तक रोममध्ये प्रसिद्ध झाले. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या टिपणांत हे तत्त्व नोंदविले होते हे खरे, पण ती टिपणे बंदच राहिली. वर्गात शिकविता येईल असे शास्त्र कास्तेल्लींनी दिले.

आणि शिकविले तरी कोणाला! पिसा येथे बोनाव्हेन्तुरा कावालिएरी हे त्यांचे विद्यार्थी. तेही व्रतस्थ, मात्र जेसुआती संघाचे. नावातील साम्यामुळे त्यांना येशूसंघीय समजण्याची चूक अनेकदा होते. रोममध्ये माजोत्ती, बोरेल्ली आणि पाठ्यपुस्तकांतून आपल्याला टॉरिसेली म्हणून परिचित असलेले इव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली. तोरिचेल्ली तर त्यांचे लेखनिक म्हणूनही काम पाहत.

1633 साल मात्र आम्हाला जड अंतःकरणाने लिहावे लागते. ज्या पोपमहाशयांनी कास्तेल्लींना सन्मानाने बोलावले, त्यांच्याच कारकिर्दीत गॅलिलिओंवर खटला चालला आणि त्यांना दोषी ठरविण्यात आले. त्या काळात कास्तेल्लींना रोमबाहेर ठेवले गेले होते. नंतर वृद्ध, अंध गुरूंना भेटण्यासाठी त्यांना परवानगी मागावी लागली. 1638 मध्ये ती मिळाली, पण पृथ्वीच्या गतीविषयी अवाक्षरही काढावयाचे नाही या अटीवर. एका धर्मगुरूला आपल्या शिक्षकाच्या भेटीला जाण्यासाठी अशी अट घातली जावी, याचे समर्थन आम्ही करू शकत नाही. कास्तेल्लींनी संघ सोडला नाही, धर्मपीठाविरुद्ध लेखणी उचलली नाही. आणि गुरूंची साथही सोडली नाही.

1639 च्या जून महिन्यात त्यांनी गॅलिलिओंना लिहिलेले एक पत्र आहे. पेरुजियाजवळचे त्रासिमेनो सरोवर अवर्षणाने आटले होते. मग पाऊस आला. कास्तेल्लींनी काचेचे एक भांडे उघड्यावर ठेवले, त्यात साठलेल्या पाण्याची उंची मोजली आणि त्यावरून सरोवराची पातळी किती वाढेल याचा अंदाज बांधला. युरोपातील पर्जन्यमापकाची ही आरंभीची नोंद. (कोरियात पर्जन्यमापक 1441 पासून वापरात होते आणि आपल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही पाऊस मोजण्याचा उल्लेख आहे, हे येथे सांगावयास हवे.)

1641 मध्ये तोरिचेल्लींचे गतिविषयक हस्तलिखित घेऊन ते गुरूंकडे गेले आणि या तरुणाला मदतीस ठेवून घ्यावे असे त्यांनी सुचविले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तोरिचेल्ली गॅलिलिओंकडे पोहोचले. जेमतेम तीन महिन्यांत, 8 जानेवारी 1642 रोजी, गॅलिलिओ निवर्तले. त्यानंतर वर्षभराने, एप्रिल 1643 मध्ये, फादर कास्तेल्लींनीही रोममध्ये देह ठेवला.

पाण्याची उंची आणि त्याचा वेग यांच्या नात्याबद्दल कास्तेल्लींचा एक समज चुकला होता. उंची चौपट झाली तर वेगही चौपट होतो असे ते मानीत. तोरिचेल्लींनी 1644 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, भांड्याच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे चौपट उंचीला दुप्पटच होतो, असे मांडले. त्यासाठी त्यांना आधार होता तो गुरुबंधू माजोत्तींच्या प्रयोगांचा. कास्तेल्लींच्या पुस्तकाचा दुसरा भाग बोलोन्या येथे छापून निघाला तो 1660 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, आणि त्यात ती चूक तशीच होती. आजच्या अभ्यासक्रमात सातत्याच्या समीकरणानंतर थोड्याच तासांनी तोरिचेल्लींचा नियम येतो. गुरूचा धडा आणि शिष्याने केलेली दुरुस्ती विद्यार्थी एकाच वहीत उतरवून घेतात.