हेन्री कॉनिबेअर

हेन्री कॉनिबेअर (जन्म : १८२३) हे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश स्थापत्य अभियंता व वास्तुविशारद होते. मुंबईच्या पहिल्या नळ पाणीपुरवठा योजनेचे, म्हणजे विहार जलाशयाच्या योजनेचे, ते अभिकल्पक होते. कुलाब्यातील अफगाण चर्चचा आराखडाही त्यांचाच आहे. बेटावरील विहिरी आणि तलावांवर वाढत्या शहराची तहान भागणार नाही, पाणी बेटाबाहेरून आणावे लागेल आणि ते पुढील अनेक वर्षांचा विचार करून साठवावे लागेल, हा विचार मुंबईत प्रत्यक्ष बांधकामाच्या रूपाने प्रथम त्यांच्या योजनेत उतरला. पुढे तानसा, वैतरणा व भातसा या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याशी निगडित असलेल्या योजना याच मार्गाने उभ्या राहिल्या.

कौटुंबिक पार्श्वभूमी

कॉनिबेअर यांचे वडील विल्यम डॅनियल कॉनिबेअर हे धर्मोपदेशक होते, परंतु त्यांची खरी ख्याती भूवैज्ञानिक म्हणून झाली. प्लेसिओसॉर या नामशेष झालेल्या सागरी सरीसृपाच्या जीवाश्मांवरील त्यांचे लेखन प्रसिद्ध आहे. १८४५ मध्ये ते वेल्समधील लँडाफ येथील कॅथेड्रलचे डीन झाले. हेन्री यांचे बंधू विल्यम जॉन कॉनिबेअर हे धर्मशास्त्रावरील लेखक म्हणून ओळखले जात. हेन्री यांनी मात्र अभियांत्रिकीचा मार्ग पत्करला व तरुण वयातच ते मुंबईत आले.

मुंबईतील कारकीर्द

१८४५ साली मुंबईच्या नागरी व्यवस्थेसाठी काँझर्व्हन्सी बोर्ड स्थापन झाले. रस्ते, गटारे आणि स्वच्छता ही त्याच्या अखत्यारीतील कामे होती. कॉनिबेअर या बोर्डाच्या दुरुस्ती विभागाचे अधीक्षक होते. या कामामुळे शहरातील गल्ल्या, मोऱ्या, तलाव व विहिरी यांची स्थिती त्यांना जवळून पाहता आली.

१८५२ मध्ये त्यांनी मुंबईच्या आरोग्यविषयक स्थितीवर व गरजांवर एक विस्तृत अहवाल सादर केला. दाट वस्ती, तुंबलेली गटारे आणि अशुद्ध पाणी यांचा रोगराईशी असलेला संबंध त्यांनी त्यात मांडला. इंग्लंडमध्ये त्या सुमारास सार्वजनिक आरोग्याची चळवळ जोर धरत होती, आणि तिचा प्रभाव या अहवालावर दिसतो. पाणीपुरवठा व सांडपाण्याचा निचरा या दोन स्वतंत्र बाबी नसून एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, ही त्यामागची भूमिका होती.

विहारपूर्व पाणीपुरवठा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई सर्वस्वी विहिरी व तलावांवर अवलंबून होती. धोबी तलाव, गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव, मुंबादेवी तलाव अशी अनेक स्थळे त्या व्यवस्थेची साक्ष देतात. यांतील बहुतेक तलाव आज बुजले असून त्यांची केवळ नावे उरली आहेत. विहीर किंवा तलाव बांधून लोकांना पाणी मिळवून देणे हे पुण्यकर्म मानले जाई आणि सधन कुटुंबे त्यासाठी देणग्या देत. घरोघरी पाणी पोहोचवण्याचे काम भिस्ती व पाणके करीत.

ही व्यवस्था पूर्णपणे त्या-त्या वर्षीच्या पावसावर आधारलेली होती. १८४९ च्या गणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,६६,११९ होती व ती वाढत होती. समुद्राने वेढलेल्या बेटावर गोड पाण्याचे साठे मर्यादित होते. उन्हाळ्याच्या अखेरीस तलाव आटत, उरलेले पाणी दूषित होई आणि कॉलऱ्याच्या साथी येत.

१८५४ मध्ये पाणीटंचाईने गंभीर रूप धारण केले. गुरे शहराबाहेर हलवण्यात आली. साष्टी बेटावरून होड्यांतून, तसेच आदल्याच वर्षी सुरू झालेल्या रेल्वेने पाणी आणून ते शहरातील विहिरींत ओतण्यात आले. या प्रसंगाने कायमस्वरूपी योजनेची निकड सर्वांच्या लक्षात आली.

विहार योजना

साष्टी बेटावरील विहारजवळच्या खोऱ्यात पाणी अडवण्याची कल्पना कॉनिबेअर यांच्या आधीच पुढे आली होती. सैनिकी अभियंत्यांनी या जागेची पाहणीही केली होती. कॉनिबेअर यांनी त्या कल्पनेला तपशीलवार आराखडा, खर्चाचा अंदाज व वितरणाची व्यवस्था यांची जोड दिली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत योजनेस मान्यता मिळाली. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये शहराला विहारचे पाणी मिळू लागले.

योजनेमागील तत्त्व सोपे होते. कोकणात बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत पडतो, परंतु शहराला पाणी बारा महिने लागते. म्हणून पावसाळ्यातील पाणी डोंगरउतारावर अडवून उरलेल्या महिन्यांसाठी साठवणे आवश्यक होते. हा साठा ठरवताना रोजची गरज, बाष्पीभवनामुळे होणारी घट आणि एखाद्या वर्षी पाऊस कमी पडल्यास लागणारी शिल्लक या सर्वांचा हिशेब करावा लागतो.

विहार येथे मिठी नदीच्या उगमाकडील भागात तीन मातीची धरणे बांधण्यात आली. जादा पाण्यासाठी सांडवा ठेवण्यात आला. जलाशयातील पाणी घेण्यासाठी मनोरा उभारून त्याला निरनिराळ्या पातळ्यांवर तोंडे ठेवण्यात आली, जेणेकरून पातळी खाली गेली तरी तळाचे गढूळ पाणी टाळून वरच्या थरातील पाणी घेता यावे. तेथून बिडाच्या मोठ्या नळाने पाणी सुमारे २२ किलोमीटरवरील शहरात आणले गेले. जलाशय शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी केवळ उताराने येत असे. त्यासाठी कोणत्याही इंजिनाची गरज नव्हती. प्रारंभी या योजनेतून दररोज सुमारे ३२ दशलक्ष लीटर पाणी मिळत असे.

कॉनिबेअर यांनी १८५८ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे विहारच्या कामाविषयी निबंध सादर केला.

योजनेच्या मर्यादा

विहारमुळे शहर पावसाच्या तत्कालीन लहरीपणातून बऱ्याच अंशी मुक्त झाले, तरी योजनेच्या मर्यादा लवकरच उघड झाल्या. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापारात आलेल्या तेजीमुळे मुंबईत लोकांचा लोंढा आला. १८६४ च्या गणनेत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. पंधरा वर्षांत अडीच लाखांची ही वाढ होती. या लोकसंख्येत विहारचे पाणी वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम चाळीस लीटर पाणी येत होते.

दुसरी अडचण उंचीची होती. केवळ उताराने येणारे पाणी मलबार हिलसारख्या उंच भागांत पोहोचू शकत नव्हते. तिसरी अडचण निचऱ्याची होती. शहरात पाणी आले, परंतु ते वापरानंतर बाहेर नेणारी गटारे त्या वेगाने बांधली गेली नाहीत. १८५२ च्या अहवालात कॉनिबेअर यांनी एकत्र मांडलेल्या या दोन बाबींपैकी एकच प्रत्यक्षात आली. त्याखेरीज योजनेचा वाढलेला खर्च कोणी सोसायचा, यावरून सरकार व नगरपालिका यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. पूर्वी धर्मार्थ मिळणाऱ्या पाण्यासाठी आता पट्टी भरावी लागणे, ही गोष्टही नागरिकांना नवी होती.

१८७२ मध्ये विहारचे धरण उंच करून पुरवठा दररोज ६८ दशलक्ष लीटरपर्यंत नेण्यात आला. १८७९ मध्ये अधिक उंचावरील तुळशी जलाशय पूर्ण झाला.

वास्तुविशारद म्हणून कार्य

कुलाबा येथील सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, जे अफगाण चर्च या नावाने ओळखले जाते, त्याचा आराखडा कॉनिबेअर यांनी केला. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८–४२) मृत्यू पावलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून ते बांधण्यात आले. १८५८ मध्ये त्याचे अभिषेकविधी झाले व मनोऱ्याचे काम १८६५ मध्ये पूर्णत्वास गेले. भारतातील गॉथिक पुनरुज्जीवन शैलीच्या आरंभीच्या इमारतींत या चर्चची गणना होते.

उत्तरायुष्य

भारतातून परतल्यानंतर कॉनिबेअर यांनी प्रामुख्याने रेल्वेची कामे केली. वेल्समधील ब्रेकन व मर्थर रेल्वेवरील केव्हन कोएड आणि पाँटसार्न हे दगडी कमानींचे उंच पूल त्यांनी अलेक्झांडर सदरलँड यांच्या समवेत उभारले. दोन्ही पूल १८६६ मध्ये पूर्ण झाले. केव्हन कोएड पुलाला पंधरा कमानी असून तो वळणदार आहे. पुढे कॉनिबेअर दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात गेले. कराकस येथे त्यांचा मृत्यू झाला.

वारसा

विहारच्या अनुभवातून दोन धडे मिळाले. पहिला असा की, शहराची आजची लोकसंख्या धरून केलेली योजना पूर्ण होईपर्यंत अपुरी ठरते. दुसरा असा की, साष्टी बेटावरील खोरी लहान असल्याने पुढील जलस्रोत आणखी दूर शोधावा लागेल. मुंबई नगरपालिकेचे अभियंता हेक्टर टुलॉक यांनी आजच्या शहापूर तालुक्यातील तानसा नदीच्या खोऱ्याचा प्रस्ताव मांडला. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे तानसाचे दगडी धरण १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते कार्यान्वित झाले. पुढे उंची वाढवता यावी अशा बेताने त्याची भिंत आरंभीच बांधण्यात आली होती. त्यानुसार १९१५, १९२५ व १९४८ या वर्षी तानसा योजनेचे पुढील टप्पे पूर्ण झाले. भविष्यातील वाढीसाठी आधीच जागा राखून ठेवण्याचे हे मुंबईतील महत्त्वाचे उदाहरण होय.

त्यानंतर अभियंता मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा वैतरणेवरील मोडक सागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३), १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने भातसा आणि मध्य वैतरणा (२०१४) या स्रोतांची भर पडली. आज मुंबईला दररोज साडेतीन हजार दशलक्ष लीटरहून अधिक पाणी पुरवले जाते. त्यापैकी जवळपास निम्मे पाणी भातसा नदीवरील धरणातून येते, तर विहार व तुळशी यांचा एकत्रित वाटा दोन-तीन टक्क्यांपुरता उरला आहे.

या विस्ताराची दुसरी बाजू शहापूर तालुक्यात दिसते. धरणांसाठी येथील गावांची जमीन पाण्याखाली गेली. मुंबईकडे जाणाऱ्या जलवाहिन्या याच भागातून जातात, तरीही तालुक्यातील डोंगराळ भागातील अनेक गावे व पाडे यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. एके काळी मुंबई बेटावर जे संकट उद्भवे, ते आता पाणी देणाऱ्या प्रदेशाच्या वाट्याला आले आहे. त्यामुळे शहराच्या दीर्घकालीन पाणी नियोजनात जलस्रोताजवळच्या गावांच्या गरजेचा हिशेब धरावा, ही मागणी या भागात सातत्याने होत आली आहे. कॉनिबेअर यांच्या काळात पाणी साठवायचे किती व आणायचे कसे, हे प्रश्न मुख्य होते. त्यांत आता पाण्याच्या वाटणीचा प्रश्नही जोडला गेला आहे.

विहार जलाशय आजही वापरात असून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहे. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की त्याची बातमी वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते.