विश्लेषण : कोडिंगच्या सरावात भेटणारे ‘कापरेकर’ नेमके कोण? फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याची ६१७४ ची गोष्ट

दिलेली संख्या ‘कापरेकर संख्या’ आहे का, ते तपासणारा प्रोग्रॅम लिहा. कोडिंग शिकणाऱ्या अनेकांच्या सरावात हा प्रश्न येतो. लूप चालतो, आउटपुट येतं आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. पण ज्यांच्या नावाची ही संख्या आहे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि पुढे देवळालीत शाळामास्तर होते, हे अनेकांना माहीत नसतं.

कोण होते कापरेकर?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच आणि मुलाला तिची गोडी तिथूनच लागली. ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते १९२३ मध्ये फर्ग्युसनला आले. १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये ते बीएस्सी झाले, पदवी अर्थात मुंबई विद्यापीठाची, कारण पुणे विद्यापीठ निघायला अजून २० वर्षं होती. पुढचं शिक्षण झालं नाही. देवळालीच्या शाळेत नोकरी धरली, ती १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत.

६१७४ ची गंमत काय?

समोर उभ्या असलेल्या कुठल्याही एमएच १२ गाडीचा चार आकडी नंबर घ्या. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच केलं की ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८ आणि उत्तर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कोणत्याही नंबरपासून सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता येतं. फक्त चारही अंक सारखे नकोत. आरटीओत जादा पैसे मोजून घेतलेला ७७७७ पहिल्याच वजाबाकीत शून्य होतो!

यात जादू नाही. पहिल्या वजाबाकीचं उत्तर केवळ दोन फरकांवर ठरतं : सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला आणि मधल्या दोन अंकांतला. त्यामुळे हजारो नंबरांमधून फक्त ५४ उत्तरं शिल्लक राहतात. आज मोबाइलवरही हे सगळं क्षणात तपासता येतं. कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, तेव्हा देवळालीच्या मास्तरांकडे कुठला संगणक? सगळे लूप हातानेच.

नावं ठेवण्याची तऱ्हा

४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली, की परत ४५. ही कापरेकर संख्या. अंकांच्या बेरजेने भाग जाणारी ती हर्षद. १२१, १२३२१ अशा कुळातल्या संख्यांना त्यांनी डेम्लो म्हटलं, कारण ती कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचली होती. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, उदाहरणार्थ २०, तिला देवळाली संख्या असंही नाव आहे.

दखल कधी घेतली गेली?

फार उशिरा. देशातल्या अनेक गणितज्ञांना हे पोरखेळ वाटत. त्यामुळे त्यांचं बरंचसं लेखन किरकोळ नियतकालिकांत किंवा स्वतः काढलेल्या पुस्तिकांत राहिलं. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शन पुरत नसे, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. प्रोग्रॅमर मंडळींना वेड लावणारा जॉन कॉन्वे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ १९७० मध्ये याच सदरातून जगभर पोचला होता. देवळालीचे मास्तर सत्तरीत जगाला माहीत झाले.

१९८६ मध्ये ते गेले. त्यानंतर १२ वर्षांनी अमेरिकेतल्या एका एसीएम प्रोग्रॅमिंग स्पर्धेत देवळाली संख्यांची यादी छापणारा प्रोग्रॅम लिहायला सांगितला होता. प्रश्नाच्या मजकुरात कापरेकरांचं नाव होतं.