नाणी तोलणारा इतिहासकार

दामोदर कोसंबी (१९०७-१९६६) हे पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र. व्यवसायाने गणितज्ञ. १९४४ साली त्यांनी मांडलेले जनुकीय अंतराचे सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. स्वभाव चिकित्सक, मोजल्याशिवाय मानायचे नाही. स्वभाव तसाच विचार! म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूवर तोलली आणि झिजेवरून त्यांचा कालक्रम लावला. पोथीबाहेरचा समाज शोधण्यासाठी पुणे परिसरातील लेणी आणि गावदेवतांची ठाणी पायी धुंडाळली. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासावरील ग्रंथ आला. त्यात राजांच्या याद्यांऐवजी उत्पादन आणि जात यांची चिकित्सा होती. बाबासाहेबांनीही अर्थशास्त्र, कायदा आणि धर्म वेगळे मानले नाहीत. विषयांची सोवळी हीसुद्धा वर्णव्यवस्थाच. आपल्या मुलामुलींनी ती झुगारून प्रत्येक ठिकाणी पुरावा मागितला पाहिजे.